मोनिकाच्या नावाचं पाणी

घोडेगाव, ता. नेवासे
१२ नोव्हेंबर २०२५

हन्ना,

सलाम. 'प्रिय' लिहिलं होतं, पण ते वाचून तू कागद बाजूला ठेवशील असं वाटलं, म्हणून दुसरा कागद घेतला आणि नुसतं नाव लिहिलं.

तू माझा नंबर बंद केलास हे एंजलच्या वाढदिवसाला कळलं. आजीनं नातीला शुभेच्छा द्यायला किती वेळा फोन लावावा? शेवटी तुझ्या पप्पांनी मोबाईल हातातून काढून घेतला. फोन बंद करता येतो, पोस्टमन बंद करता येत नाही, म्हणून हे पत्र. अंगणवाडीची रजिस्टरं भरण्यात तीस वर्षं गेली, त्यामुळे हात अजून चालतो आहे.

काल मोनिकाचा चाळीसावा दिवस झाला. घरी प्रार्थना ठेवली होती. पाळक एडविन आले, चर्चच्या मंडळीतली वीस-बावीस माणसं आली. बांधापलीकडची राहीबाईसुद्धा आली. तिला आपल्या प्रार्थनेतलं काही कळत नाही, पण तुम्हा दोघींना जन्मल्यापासून तिनंच न्हाऊ घातलं होतं, ती कशी राहील. मोनिकाच्या शाळेतल्या मुलांनी एक मोठा कागद रंगवून पाठवलाय. तिच्या खोलीत लावला आहे.

तू मातीच्या दिवशी कबरीपाशी बोललीस ते मी विसरायचं ठरवलं होतं. जमलं नाही. तू म्हणालीस, "आई, डोक्यावर शिंपडलेलं पाणी म्हणजे बाप्तिस्मा नव्हे. मी तीन वर्षं तिला सांगत होते, पाण्यात उतर. ती उतरली नाही. आता ती कुठं आहे ते मला विचारू नकोस." माणसं माती टाकत होती, हन्ना. तुझे पप्पा खाली वाकले होते. आणि मी तुला म्हणाले, माझी एकच मुलगी होती, ती खाली गेली, तू जा. मंडळीसमोर म्हणाले. तू गेलीस ते अजून गेलेलीच आहेस.

मी बोलायला नको होतं. पण तू काय बोलून बसलीस तेही बघ. डेंग्यूनं सहा दिवसांत गेलेली बहीण, तीही तुझ्याबरोबर एका पोटात वाढलेली, आणि तू तिला स्वर्गाबाहेर उभी करून दार लावून घेतलंस. तुझ्या नव्या सभेच्या पास्टरांना माझा एक प्रश्न विचार. वधस्तंभावर प्रभूच्या शेजारी जो चोर होता, त्याला कुठल्या नदीवर नेलं होतं? त्याच्या हातापायांत खिळे होते. तरी तो आत गेला. मग माझ्या पोरीनं कुणाचं काय चोरलं होतं?

तू तिला हट्टी म्हणालीस. पाण्यात उतर म्हटलं की ती तुला दर वेळी म्हणायची, मला मिळालंय तेवढं पुरे आहे. तो हट्ट नव्हता. याहून जास्त आज लिहिता येत नाही.

ती शांत गेली एवढं लक्षात ठेव. शेवटी तिनं काही मागितलं नाही.

आई


घोडेगाव
३० नोव्हेंबर

हन्ना,

तुझं उत्तर नाही. मी वाट पाहत नव्हते असं लिहिणार होते, पण पोस्टमन आल्यावर आधी मीच दारात जाते हे तुझ्या पप्पांनी पाहिलं आहे, तेव्हा खोटं कशाला लिहू.

आज आगमनकाळाचा पहिला रविवार. देवळात एका बाळाचा बाप्तिस्मा होता. पाळकांनी ओंजळीतलं पाणी त्याच्या टाळूवर टाकलं, ते ओरडलं, सगळे हसले. मी उठून बाहेर आले. बाहेर बसून ठरवलं की तुला सांगून टाकायचं. बत्तीस वर्षं झाली, याहून जास्त दाबून ठेवणं मला झेपत नाही.

तुम्हा दोघींच्या आधी मला एक मुलगा झाला होता, हे तुला माहीत आहे. जानेवारीत त्याचा बाप्तिस्मा झाला. देवळात वारं येत होतं, विहिरीचं गार पाणी होतं. नवव्या दिवशी तो न्यूमोनियानं गेला. ठेवलेलं नाव त्याला हाक मारायला पुरतं वापरलंही नव्हतं. पाण्यानं गेला असं मी कधी म्हटलं नाही. मंडळीच्या पंचाची बायको असं कशी म्हणेल? पण माझ्या हाताला ते पाणी लक्षात राहिलं.

मग तुम्ही झालात. पाळकसाहेब तेव्हा नगरहून तीन महिन्यांतून एकदा यायचे. नाताळच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, तुमचा बाप्तिस्मा ठरला. आदल्या दिवशीपासून मोनिकाला ताप. मी तुझ्या पप्पांना म्हटलं, तिचं पुढच्या खेपेला करू. ते म्हणाले, "पाळकसाहेब दोघींसाठी आले आहेत. देवाच्या कामात ताप आडवा येत नाही." तुला ठाऊक आहे, त्यांनी असं म्हटलं की पुढं बोलायची सोय नसते.

देवळात भांडं त्यांच्याच हातात होतं. आधी तुला नेलं. पाणी पडल्यावर तू इतकी रडलीस की गाणं ऐकू येईना. मी तुला पुसायला म्हणून बाहेर ओट्यावर आणलं. राहीबाई बाप्तिस्मा बघायला आली होती, मोनिका तिच्या पदराखाली होती, अंग तव्यासारखं तापलेलं. राहीबाई म्हणाली, "पोरीला येवढा ताप हाय अन् तू तिच्या डोक्यावर पानी घालतीस? त्या लेकराचं इसरलीस व्हय?"

आतून हाक आली. तुम्हा जुळ्यांना माणसं टोपीवरूनच ओळखायची. मी तुझी टोपी काढली, मोनिकाची घातली आणि तुलाच घेऊन आत गेले. राहीबाई मागनं म्हणाली, "आगं, हीच नेली हुतीस की मगाशी." मी मागं पाहिलं नाही.

पाळकसाहेबांनी तुझ्या डोक्यावर दुसऱ्यांदा पाणी टाकलं आणि म्हणाले, मोनिका. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं. तू या वेळी रडली नाहीस. तुला सवय झाली होती. तू त्यांच्या दाढीकडं बघून हसलीस. बायका म्हणाल्या, ही दुसरी मोठी शांत आहे हो. तेव्हापासून सगळी मंडळी मोनिकाला शांत म्हणत आली.

रजिस्टरात दोघींची नावं आहेत, एकाखाली एक. रजिस्टरात लिहिलं म्हणजे झालं असं नसतं, हे अंगणवाडीवालीइतकं कुणाला कळणार? न तोलताच पोरांची वजनं मी किती वेळा लिहिली आहेत.

पुढच्या खेपेला गुपचूप सांगावं असं मनात होतं. मग ती खेप गेली, त्याच्या पुढची गेली, पाळकसाहेबांची बदली झाली. काय सांगणार होते, आणि कुणाला? तुझे पप्पा पंच होते. तुम्ही चालायला लागलात, शाळेत गेलात, माझं सांगायचं राहूनच गेलं.

तेव्हा तू म्हणतेस त्याहून वाईट आहे, हन्ना. तुझ्या बहिणीला कमी पाणी मिळालं नाही. तिला मिळालंच नाही. तुझ्यावर तीनदा पडलं. आता सांग, तिचं काय होणार? तुझ्या पास्टरांना नको विचारूस. तू सांग. मी तुझ्या तोंडून ऐकून घेईन.

आई


घोडेगाव
१४ डिसेंबर

हन्ना बाळ,

तुझा फोन आला तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. तू सलामही केला नाहीस. तिला माहीत होतं का, एवढंच विचारलंस. मी हो म्हणाले, तू ठेवून दिलास. मी तशीच उभी राहिले, हातातल्या ओल्या चादरीनं पाय भिजले तरी.

हो. तिला माहीत होतं. सोळा वर्षांच्या असताना बाप्तिस्मा पक्का करणारं तुमचं दृढीकरण होतं, त्याच्या आधीच्या शनिवारी सांगितलं. तू देवळात गाण्याच्या सरावाला गेली होतीस, ती माझ्यासमोर तांदूळ निवडत बसली होती. बिशपसाहेब डोक्यावर हात ठेवणार आणि ज्याच्यावर ठेवायचा तो पायाच नाही, मला ते सहन होईना. तिनं तांदूळ बाजूला सारले. मग म्हणाली, "म्हणजे मी इतकी वर्षं फुकट शांत होते?"

मी रडत होते आणि ती हसत होती. मी म्हटलं, चल, पप्पांना सांगू, पाळकसाहेबांना सांगू. तिनं हसणं थांबवलं. म्हणाली, "पप्पा तुला पंचांपुढं उभं करतील. नको सांगूस. देवाला ठाऊक आहे ना मी कोण आहे ते." मी ऐकलं. मला ऐकायचंच होतं. सोळा वर्षांच्या पोरीनं मला वाचवलं आणि मी वाचवून घेतलं.

त्यानंतर सोळा वर्षं ती हे घेऊन फिरली. रविवारची शाळा तिनं चालवली, लहान पोरांना बाप्तिस्म्याचा धडा तिनं शिकवला. तू तुझ्या सभेत गेलीस, मुळशीकडच्या नदीत उतरलीस, पांढऱ्या झग्यातला फोटो पाठवलास. इथं मंडळीची बैठक बसली. एकदा मिळालेला बाप्तिस्मा खोटा ठरवून ही दुसरा घेते, असं म्हणून तुझ्याच पप्पांनी तुझं नाव काढायचा ठराव मांडला. घरी आल्यावर ते जेवले नाहीत. मोनिकानं त्यांना ताट वाढलं आणि बाहेर जाऊन बसली. तेव्हा तिला तुझ्याबरोबर पाण्यात उतरणं किती सोपं होतं, विचार कर. कुणाला कारण सांगावं लागलं नसतं. पण मग पप्पांना दोन्ही मुलींची नावं खोडावी लागली असती. म्हणून ती तुला म्हणायची, मिळालंय तेवढं पुरे आहे. काही मिळालं नव्हतं आणि पुरे आहे म्हणायची.

तुझ्यावर मी आता रागावलेली नाही. तुला हे कुठून माहीत असणार?

गेल्या रविवारी तुझ्या पप्पांना सांगितलं. ते ओसरीवर नाताळच्या चांदणीला कागद चिकटवत होते. सगळं ऐकून घेतलं. खळ हातावर वाळून गेली तरी हात धुतला नाही. मग म्हणाले, "म्हणजी हन्नाचा दुसरा बाप्तिस्मा माज्या हातानं झाला. भांडं मी धरलं हुतं. अन् दुसरा घेतला म्हणून तिचं नाव बी मीच काढलं."

मला वाटलं ओरडतील. ते रडले, हन्ना. पाच महिन्यांची असताना जे तुझ्यावर झालं त्याची शिक्षा तुला एकोणतीस वर्षांची झाल्यावर दिली, असं म्हणून रडले. दुसऱ्या दिवशी पाळक एडविनांकडं जाऊन पंचपद सोडलं. तुझं नाव परत लिहा म्हणाले. वार्षिक सभेत ठरवू असं पाळक म्हणाले. मला त्यांनी शिक्षा केली नाही, कुणापुढं उभंही केलं नाही. फक्त रात्रीच्या प्रार्थनेत ते आता माझ्या नावापाशी थांबतात आणि मग पुढं जातात.

मीही पाळकांकडं गेले. लहान आहेत, तुझ्याच वयाचे. त्यांना म्हटलं, शास्त्रात काय आहे ते मला गुळमुळीत न करता सांगा. पाणी लागतं की नाही? ते म्हणाले, "बाई, पाणी आपल्याला लागतं. आपण त्या आज्ञेला बांधलेले आहोत. देव पाण्याला बांधलेला नाही." तिथं बसून ऐकताना बरं वाटलं. देवळापासून घर काही लांब नाही, पण घरी येईपर्यंत ते टिकलं नाही. आज्ञा होती आणि मी मोडली. माझं मोडणं मोनिकाच्या नावावर लागतं का, हे मी विचारायचं विसरले.

तू परत फोन केलास तर उचलीन. न बोलता धरून ठेवलास तरी चालेल.

आई


घोडेगाव
२८ डिसेंबर

हन्ना,

तुझं पत्र नाताळच्या आदल्या दिवशी मिळालं. एका ओळीसाठी केवढं पाकीट. 'मी खाली औषध आणायला गेले होते तेव्हा तिनं काही मागितलं का?'

मी नाताळ जाऊ दिला. घरात पाहुणे होते असं कारण सांगता येईल, पण पाहुणे कुणी नव्हते.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की तिनं काही मागितलं नाही. ते खोटं होतं. मागितलं.

नगरच्या दवाखान्यातला तो पाचवा दिवस. दुपारचे चार वाजले असतील, चहावाला नुकताच येऊन गेला होता. तू खाली गेलीस. तुझे पप्पा कॉटच्या पायथ्याशी स्टुलावर बसले होते. प्लेटलेट वाढतायत असं सकाळी डॉक्टर म्हणाले होते, हे तुला आठवत असेल. ते मी पुन्हा पुन्हा आठवते, कारण माझ्याजवळ सांगायला तेवढंच आहे. मोनिकानं माझं मनगट धरलं. मी कान तिच्या तोंडाशी नेला. ती म्हणाली, "आई, आता दे ना. बाटलीतलं चालेल."

मला कळलं नाही असं नाही. लगेच कळलं. पाण्याची बाटली लॉकरवर होती, झाकण उघडंच होतं. जीव धोक्यात असेल तर कुणाही विश्वासणाऱ्यानं बाप्तिस्मा द्यावा, हे तुझ्या पप्पांनीच मंडळीत शिकवलेलं. एक ओंजळ लागली असती आणि तीन नावं. पण ते समोर बसले होते. त्यांनी विचारलं असतं, हिला दुसऱ्यांदा कशाला? आणि तू कुठल्याही क्षणी जिन्यानं वर येणार होतीस. मी तिला म्हणाले, "उद्या. पप्पा घरी गेले की."

तिनं मान हलवली. रागावली नाही. माझं मनगट तिनं सोडलं नाही, तू आलीस तेव्हाही धरलेलंच होतं. तू प्रार्थनेचं तेल लावून तिच्या कपाळावर हात ठेवलास आणि म्हणालीस, बरी झालीस की आपण नदीवर जाऊ. ती तुला हो म्हणाली. त्या वेळी पहिल्यांदा हो म्हणाली. तुला वाटलं ती तुझं मन राखते आहे. तिला खरंच हवं होतं, हन्ना. सगळं आयुष्य नको म्हणत आली आणि शेवटी तिनं आपल्या दोघींजवळ मागितलं, तुझ्याजवळ आणि माझ्याजवळ. तू 'बरी झाल्यावर' म्हणालीस, मी 'उद्या' म्हणाले. तुझं प्रेमानं होतं. माझं भीतीनं. पहाटे ती गेली.

बाळपणी पाणी चुकवलं ते तिच्या जिवासाठी, असं मी स्वतःला सांगू शकते. दवाखान्यात चुकवलं ते माझ्या अब्रूसाठी. त्याला दुसरं नाव नाही.

परवा मी पुन्हा पाळकांकडं गेले. माझं नाव मंडळीच्या रजिस्टरातून काढा म्हटलं. त्यांना वाटलं मी रुसले. मी म्हटलं, माझी मुलगी जर पाण्यावाचून बाहेर राहिली असेल तर मला आत जाऊन काय करायचं आहे? तिला एकटं राहायची सवय नाही. पोटात असल्यापासून तिच्याजवळ कुणीतरी होतं. मी तिच्यापाशी बाहेर बसेन. पाळकांनी रजिस्टर काढून समोर ठेवलं. मग म्हणाले, "बाई, नाव मी खोडू शकतो. बाप्तिस्मा खोडता येत नाही. तुमच्यावर पडलेलं पाणी मला परत घेता येणार नाही." म्हणजे माझं मला टाकता येत नाही आणि तिला आता देता येत नाही. मी दार ओढून घेतलं आणि घरी आले.

तुला मी घरी ये म्हणत नाही. क्षमाही मागत नाही, कारण ज्या गोष्टीची मागायची, तिची क्षमा तुझ्या हातात नाही. तुझ्याकडं दुसरंच एक मागणं आहे.

मी रात्रंदिवस हाच विचार करते की तिच्यासाठी पाणी पडलंच नाही असं नाही. पडलं. पाळकसाहेबांनी ते मोनिका म्हणूनच टाकलं, तिन्ही नावं घेऊन टाकलं, सगळी मंडळी साक्षीला उभी होती. फक्त डोकं तुझं होतं. तुझ्या सभेच्या शिकवणीनं ते पाणीच नव्हे, हे मला माहीत आहे. तू तान्ही होतीस, तुझा विश्वास नव्हता, ते सगळं तू मला समजावलं आहेस. पण तिच्या नावानं टाकलेलं पाणी या जगात तेवढंच आहे आणि ते तुझ्याजवळ आहे.

तुला तुझा नदीतला बाप्तिस्मा पुरेल. माझ्यावर राग ठेव, आयुष्यभर ठेव, मी काही म्हणणार नाही. पण तू त्या दाराशी पोचशील तेव्हा ती बाहेर उभी असली, तर तीनातलं मधलं पाणी तिचं आहे असं सांग आणि तिला हाताला धरून आत घे.

आई